हिरव्या पानांनंतरचे तक्ते: कंपनीचा शाश्वतता अहवाल कसा वाचायचा

दरवर्षी जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल भागधारकांच्या ईमेलमध्ये येऊन पडतात. काही शे पानांच्या त्या पीडीएफची सुरुवात हिरवीगार असते. रोपं लावणारे कर्मचारी, नव्या बाकांवर बसलेल्या शाळकरी मुली, अधूनमधून ‘नेट झिरो’, ‘वॉटर पॉझिटिव्ह’ असे ठळक शब्द. ही पानं जाहिरात विभागाने सजवलेली असतात. बरंच पुढे गेल्यावर बारीक अक्षरांतले, रुक्ष तक्ते लागतात. पर्यावरणाबद्दल आणि माणसांबद्दल कंपनीला सक्तीने जे सांगावं लागतं ते तिथे असतं. बहुतेक वाचक तिथवर पोचत नाहीत.

पुढची पानं कंपनीने स्वतःच्या मर्जीने लिहिलेली असतात आणि मागची नियमाने लिहून घेतलेली. दोन्ही शेजारी ठेवली की कंपनी किती खरं बोलते हे बऱ्यापैकी कळतं. त्यासाठी हिशेबनीस असण्याची गरज नाही. भागाकार येत असला की पुरे.

सीएसआर म्हणजे कमावल्यानंतरची गोष्ट

सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. सीएसआर, म्हणजे कंपन्यांचं सामाजिक उत्तरदायित्व, हा आपल्याकडे कायद्याचा विषय आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा अधिक असेल, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक, तर तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम ठरावीक सामाजिक कामांवर खर्च करावी लागते.

तीन वर्षांचा नफा ८०, १०० आणि १२० कोटी असेल, तर सरासरी १०० कोटी आणि सीएसआरची रक्कम २ कोटी. याच कंपनीची उलाढाल १,००० कोटी असेल तर दर ५०० रुपयांच्या व्यवहारामागे हा १ रुपया झाला. उरलेले ४९९ रुपये कसे आले, त्यासाठी किती कोळसा जळला, किती पाणी उपसलं, कंत्राटी कामगारांना काय मिळालं, याबद्दल सीएसआरचा अहवाल काहीही सांगत नाही. त्याने ते सांगावं अशी अपेक्षाही नाही.

शिवाय या २ टक्क्यांना कुंपण आहे. कंपनीचं नेहमीच्या धंद्यातलं काम, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम, ब्रँडच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व, राजकीय पक्षाला देणगी आणि दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम, यांपैकी काहीच सीएसआरमध्ये धरता येत नाही. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणं ही मुळातच कायद्याची सक्ती आहे, तिला समाजकार्य म्हणता येत नाही. तरी सुरुवातीच्या रंगीत पानांवर ही दोन्ही कामं एकाच मथळ्याखाली सुखाने नांदताना दिसतात.

सीएसआरच्या परिशिष्टात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, न खर्चलेली रक्कम. प्रकल्प चालू असेल तर ती वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्चावी लागते. चालू प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत कायद्यात नमूद केलेल्या एखाद्या निधीत भरावी लागते. दरवर्षी मोठी रक्कम शिल्लक राहत असेल तर नियोजन कच्चं आहे. दुसरी गोष्ट परिणामांच्या तपासणीची. ज्या कंपनीवर मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा त्याहून अधिक सीएसआर खर्चाचं बंधन होतं, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांची अशी तपासणी, प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर, त्रयस्थाकडून करून घ्यावी लागते. ‘इतके हजार लाभार्थी’ हा आकडा वाटपाचा असतो. वाटलेल्या वस्तूचं पुढे काय झालं ते या तपासणीत सापडतं, सापडलंच तर.

मग उरलेल्या ४९९ रुपयांचं कुठे कळतं?

बीआरएसआरमध्ये. पूर्ण नाव बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, आपण त्याला ‘जबाबदारी अहवाल’ म्हणू. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने मे २०२१ मध्ये त्याचा नमुना ठरवला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. तो वार्षिक अहवालाचाच भाग असतो आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कुणालाही मोफत मिळतो.

त्याचे तीन विभाग असतात. पहिल्यात कंपनीची ओळख, दुसऱ्यात धोरणं, तिसऱ्यात नऊ तत्त्वांखाली प्रत्यक्ष आकडे. आकड्यांचे पुन्हा दोन प्रकार आहेत. ‘आवश्यक’ निर्देशक द्यावेच लागतात. ‘नेतृत्व’ निर्देशक ऐच्छिक असतात. सगळ्या कंपन्यांचा साचा एकच असल्याने एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांचे अहवाल शेजारी उघडून ओळीला ओळ ताडून पाहता येते.

घाईत असाल तर दुसऱ्या विभागातला एकच प्रश्न गाठा: कंपनीने ठरवलेली उद्दिष्टं कोणती, त्यात प्रगती किती, आणि गाठली नसतील तर कारण काय? तिथे ‘आम्ही सतत सुधारणेसाठी कटिबद्ध आहोत’ एवढंच उत्तर असेल तर पुढच्या पानांवरच्या मोठ्या शब्दांची किंमत त्यावरून ठरवावी. उलट, अमुक उद्दिष्ट हुकलं, अमुक बॉयलर बदलायला उशीर झाला, आता अमुक वर्षी होईल, असं लिहिणारी कंपनी माझ्या मते जास्त विश्वासाची. असे अहवाल थोडे असतात, पण असतात.

सीमा कुठे आखली आहे?

उत्सर्जनाचा, म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचा, हिशेब तीन कप्प्यांत मांडतात, त्यांना स्कोप १, २ आणि ३ म्हणतात. कंपनीच्या स्वतःच्या बॉयलर, भट्ट्या, जनरेटर आणि गाड्यांत जळलेलं इंधन म्हणजे स्कोप १. विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन म्हणजे स्कोप २. कच्च्या मालापासून वाहतुकीपर्यंत आणि विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंत बाकीचं सगळं स्कोप ३. या तिसऱ्या कप्प्याचे १५ उपप्रकार आहेत.

घरी एका वेळचा स्वयंपाक बंद करून रोज डबा मागवला तर गॅसचा सिलिंडर दुप्पट दिवस पुरतो. ‘आमच्या घरचा गॅसवापर निम्म्यावर आला’ हे वाक्यही खरं ठरतं. शेगडी मात्र डबेवाल्याच्या घरी पेटते. कंपनीने प्रदूषण करणारी प्रक्रिया बाहेरच्या पुरवठादाराकडे दिली, वाहतूक कंत्राटदाराला सोपवली किंवा जुना प्रकल्प विकून टाकला, की नेमकं हेच होतं. स्कोप १ उतरतो, हवेत जाणारा वायू तेवढाच राहतो, फक्त तो स्कोप ३ मध्ये सरकतो किंवा दुसऱ्या मालकाच्या नावावर जातो.

आणि स्कोप ३ हा जबाबदारी अहवालात ऐच्छिक निर्देशक आहे. गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं बहुतांश उत्सर्जन ग्राहकाने गाडी चालवताना होतं. बँकेचं तिने कर्ज दिलेल्या उद्योगांतून होतं. अशा कंपनीने ‘आमचं कामकाज कार्बन न्यूट्रल’ (म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढ्याची भरपाई केली) म्हटलं तर ते वाक्य तिच्या स्वतःच्या कारखान्यांबद्दल आणि कार्यालयातल्या दिव्यांबद्दल, एसीबद्दल आहे, एवढंच समजावं. ‘कामकाज’ या शब्दाने सीमा आखली जाते आणि वाचकाची नजर नेमकी त्याच शब्दावरून घसरते.

पहिल्या विभागात आणखी एक छोटी ओळ असते: अहवाल फक्त मूळ कंपनीचा आहे की उपकंपन्यांसह. प्रसिद्धीच्या पानांवर संपूर्ण समूहाचे कारखाने आणि तक्त्यात एकट्या मूळ कंपनीचे आकडे असतील तर दोन्हींची तुलनाच होऊ शकत नाही.

‘तीव्रता घटली’ म्हणजे धूर घटला का?

असेलच असं नाही. तीव्रता म्हणजे उलाढालीच्या किंवा उत्पादनाच्या दर एककामागचं उत्सर्जन. समजा, १,००० कोटींच्या उलाढालीवर ५०,००० टन, म्हणजे कोटीमागे ५० टन. पुढच्या वर्षी उलाढाल १,४०० कोटी आणि उत्सर्जन ६३,००० टन. कोटीमागे आता ४५ टन, म्हणून मथळा येतो ‘कार्बन तीव्रतेत १० टक्के घट’. प्रत्यक्षात २६ टक्के जास्त वायू हवेत गेला.

याहून सोपी वाटही आहे. माल तेवढाच, भट्टी तीच, फक्त दर १० टक्क्यांनी वाढवले. उलाढाल १,१०० कोटी, उत्सर्जन ५०,००० टनच. तीव्रता ९ टक्क्यांनी घटली! महागाईने केलेली ही पर्यावरणसेवा. म्हणून रुपयामागची तीव्रता पाहून थांबू नये, त्याच तक्त्यातली उत्पादनाच्या टनामागची किंवा नगामागची तीव्रता पाहावी. क्रयशक्तीनुसार जुळवलेल्या तीव्रतेचीही एक ओळ असते. ती परदेशी कंपन्यांशी तुलना करण्यासाठी आहे. दोन भारतीय कंपन्यांचा एकाच वर्षाचा ताळमेळ पाहताना ती सोडून दिली तरी चालतं, कारण दोघींना गुणक एकच लागतो.

तीव्रता अगदीच टाकाऊ नाही. वाढत्या कंपनीचं एकूण उत्सर्जन वाढणारच, तेव्हा ती आधीपेक्षा काटकसरीने वाढते आहे का हे तीव्रताच सांगते. अट एवढीच की एकूण आकडा तिच्या शेजारी हवा. आणि पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून घट मोजली ते, तपासावं. ज्या वर्षी उत्सर्जन शिखरावर होतं ते वर्ष पायाला धरलं की काहीही न करता घट दिसते.

घरबसल्या करता येईल अशी एक पडताळणी

तक्त्यांत ऊर्जा सहसा गिगाज्यूलमध्ये दिलेली असते. विजेचं १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, म्हणजे १ कोटी युनिट म्हणजे ३६,००० गिगाज्यूल. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा वेळोवेळी प्रसिद्ध करतं. म्हणजे १ कोटी युनिटांमागे सुमारे ७,००० टन. थोडक्यात, विकत घेतलेल्या अनवीकरणीय विजेच्या गिगाज्यूलना ०.२ ने गुणलं की स्कोप २ च्या टनांच्या आसपास पोचायला हवं.

उत्तर थोडं पुढेमागे असेल तर हरकत नाही. ते शंभरपट किंवा हजारपट चुकलं असेल तर बहुधा एककाची चूक आहे. लाख-कोटी, मेगा-गिगा यांच्या गोंधळातून अशा चुका होतात. उत्तर फारच कमी दिसलं तर ‘हरित’ विजेची प्रमाणपत्रं घेतली आहेत का ते शोधावं. एक नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र म्हणजे दुसऱ्या कुणी तयार केलेल्या १,००० युनिट हरित विजेची विकत घेतलेली पावती. ती घेणं वैध आहे आणि त्याचा काही उपयोगही आहे, पण छतावर सौरपॅनेल बसवणं ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं न सांगता ‘१०० टक्के हरित वीज’ म्हणणं अर्धवट आहे.

पाण्याच्या बाबतीत असा एकच गुणक चालत नाही. कार्बनचा टन कुठेही वाचवला तरी वातावरणाला सारखाच, पाण्याचं तसं नाही. कारखाना एका खोऱ्यातून उपसा करतो आणि कंपनी दुसऱ्याच खोऱ्यात बंधारे बांधून ‘घेतो त्याहून जास्त परत देतो’ म्हणते, तेव्हा कारखान्याशेजारच्या विहिरींना त्याचा थेंबभरही उपयोग नसतो. ‘वॉटर पॉझिटिव्ह’ दिसलं की पुनर्भरण कुठे झालं ते विचारावं, आणि पाणीटंचाईच्या भागातल्या उपशाचा वेगळा तक्ता भरला आहे का ते बघावं. तो ऐच्छिक आहे, त्यामुळे अनेकदा कोरा असतो.

माणसांचे आकडे

पर्यावरणाच्या तक्त्यांपेक्षा हे तक्ते जास्त बोलके असतात, तरी त्यांच्याकडे लक्ष कमी जातं.

अपघातांचा दर दर १० लाख मनुष्य-तासांमागे मोजतात. वर्षाला प्रत्येकी २,००० तास काम करणारे ५०० जण म्हणजे १० लाख तास. अपघाताने ज्याला पुढच्या पाळीला कामावर येता आलं नाही, त्याची गणना होते. इथली जुनी क्लृप्ती अशी, की बोट चिरडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून ‘हलकं काम’ म्हणून खुर्चीत बसवायचं. हजेरी लागते, अपघात मोजला जात नाही. म्हणून दर कमी आणि गंभीर जखमांचा किंवा मृत्यूंचा आकडा मात्र शून्य नाही, असं दिसलं तर शंका घ्यावी. मृत्यू असे लपवता येत नाहीत. तक्त्यात कर्मचारी आणि कामगार अशा वेगळ्या ओळी असतात. कर्मचाऱ्यांच्या ओळीतलं शून्य पुढच्या पानावर मोठ्या अक्षरांत येतं, धोक्याचं काम असतं कामगारांच्या ओळीत. त्यातही कंत्राटी कामगार धरले आहेत का, ते तळटीप सांगते.

स्त्रियांबद्दल दोन आकडे शेजारी ठेवावेत: एकूण मनुष्यबळात त्यांचा वाटा आणि एकूण वेतनात त्यांचा वाटा. मनुष्यबळात १८ टक्के आणि वेतनात ९ टक्के असेल तर स्त्रियांचं सरासरी वेतन पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी आहे, म्हणजे बहुतेकजणी खालच्या पायऱ्यांवर आहेत. ‘आमच्याकडे समान संधी’ या वाक्याला हा तक्ता आपोआप उत्तर देतो.

तक्रारींच्या रकान्यातलं शून्य हे नेहमीच चांगलं लक्षण नसतं. हजारो स्त्रिया काम करत असलेल्या कंपनीत वर्षानुवर्षं लैंगिक छळाची एकही तक्रार नाही, याचा अर्थ तिथे तक्रार करण्याची सोय किंवा हिंमत नाही, असाही असू शकतो. मोजक्या तक्रारी आल्या, त्यांतल्या किती खऱ्या ठरल्या आणि निकाली निघाल्या हे दिसणं जास्त निरोगी.

पण हे सगळं कंपनीच लिहिते ना?

लिहिते, आणि आक्षेप योग्य आहे. म्हणूनच जुलै २०२३ मध्ये सेबीने ‘बीआरएसआर कोअर’ आणलं. उत्सर्जन, पाणी, ऊर्जा, कचरा, सुरक्षितता, स्त्रियांचा वाटा अशा नऊ विषयांवरचे निवडक आकडे त्रयस्थाकडून तपासून घ्यायचे. २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५०० आणि २०२६-२७ मध्ये पहिल्या १,००० असे टप्पे ठरले. तपासणाराच त्या कंपनीचा सल्लागार असू नये ही अट आहे.

तपासणीच्या प्रमाणपत्रात एक शब्द शोधावा. ‘मर्यादित’ खात्री म्हणजे ‘आम्ही पाहिलं त्यात गैर काही आढळलं नाही’. ‘वाजवी’ खात्री म्हणजे ‘पुरावे तपासले, आकडे सर्व महत्त्वाच्या बाबतींत बरोबर आहेत’. दुसरीत मेहनत आणि जोखीम दोन्ही जास्त. प्रमाणपत्र नेमकं कोणत्या तक्त्यांना आहे तेही पाहावं. नऊ विषयांची तपासणी झाली म्हणून पहिल्या पानावरच्या झाडांची तपासणी होत नाही.

पुरवठादारांचे आकडे हा अजून कच्चा दुवा आहे. ते देणं सेबीने लांबणीवर टाकलं आणि ऐच्छिक केलं. लहान पुरवठादारांना हे जमणार नाही हा उद्योगांचा मुद्दा खोटा नाही. पण डबा जिथे शिजतो ते स्वयंपाकघर त्यामुळे अंधारातच राहिलं.

पाकिटावरचे दावे वेगळे

भागधारक नसलेल्यांचा संबंध येतो तो थेट वस्तूवरच्या शब्दांशी. त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हरित-धूळफेकीविरुद्ध (ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणाबद्दलचे दिशाभूल करणारे दावे) मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘हरित’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे, पाकिटाबद्दल की उत्पादन प्रक्रियेबद्दल, ते सांगावं लागतं. तपशील जाहिरातीतच द्यायचा किंवा क्यूआर कोड, दुव्यामार्फत उपलब्ध करायचा. ‘अमुक साली शून्य’ अशी भविष्यातली आश्वासनं द्यायची तर ती गाठण्याची स्पष्ट योजना हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे.

एक पळवाट लक्षात ठेवा. कोणत्याही विशिष्ट वस्तूबद्दल नसलेलं कंपनीचं ध्येयवाक्य या तत्त्वांच्या कक्षेत येत नाही. ‘आमची वाढ शाश्वत तत्त्वांवर आधारित असेल’ हे चालतं, ‘आमची सगळी उत्पादनं शाश्वत पद्धतीने बनतात’ याला पुरावा लागतो. म्हणून जाहिरातींत पहिल्या प्रकारची वाक्यं दिसली तर नवल वाटू नये.

‘कंपोस्टेबल’ पिशवीचंही तसंच. तिची चाचणी साधारण ५८ अंश तापमानाच्या औद्योगिक कंपोस्टच्या परिस्थितीत होते. घरच्या कुंडीत किंवा गटारात तेवढी उष्णता नसते. आणि ‘रिसायकल होऊ शकणारं’ व ‘रिसायकल केलेल्या मालापासून बनवलेलं’ यांत महदंतर आहे. पहिलं पुढच्या शक्यतेबद्दल आहे, दुसरं घडलेल्या गोष्टीबद्दल.

शंका आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पाकिटाचा फोटो आणि नेमका दावा जपून ठेवावा.

इतकं कडक केलं तर कंपन्या बोलणंच बंद करतील

काही करतात. दावा केला की पुरावा मागतात, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा सल्ला कंपन्यांना दिला जातो आणि तो वकिलांच्या दृष्टीने शहाणपणाचाही आहे. पण त्याने फक्त रंगीत पानं पातळ होतील. तक्ते सक्तीचे असल्याने तिथे मौन पाळता येत नाही. खरं नुकसान वेगळं आहे: ऐच्छिक रकाने अधिकाधिक कोरे राहतात, आणि प्रामाणिकपणे अर्धवट माहिती देणाऱ्या कंपनीला गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा जास्त टीका सोसावी लागते. यात वाचकांचाही हात आहे. अर्धा भरलेला स्कोप ३ चा तक्ता दिसला की ‘अपूर्ण’ म्हणून हिणवण्याआधी शेजारच्या स्पर्धकाने तो भरलाच आहे का, ते पाहावं.

एक शेअर असला तरी वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो. अनेक सभा आता ऑनलाइन होतात आणि प्रश्न आधी ईमेलने मागवतात, त्याची मुदत सभेच्या सूचनेत दिलेली असते. ‘पर्यावरणासाठी काय करता?’ असं विचारलं तर उत्तरादाखल पहिली दहा पानं वाचून दाखवली जातील. त्याऐवजी पान क्रमांक देऊन विचारावं: ‘उलाढालीमागची तीव्रता घटली, उत्पादनाच्या टनामागची का घटली नाही?’ किंवा ‘गेल्या वर्षी उत्सर्जनात धरलेला अमुक प्रकल्प यंदाच्या आकड्यांत आहे का?’